चपला हातात घेऊन

मंगळवारी सकाळी माझी बायको ऑपरेशनसाठी रुग्णालयात गेली. शुक्रवारी ती वारली. आमची मुलगी तेव्हा अडीच वर्षांची होती.

मंगळवारी निघताना मुलीनं रडू नये म्हणून आम्ही दोघांनी एक युक्ती केली होती. दादर पूर्वेच्या आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागची गल्ली दिसते. तिथे सकाळी कचऱ्याची गाडी येते. डबे उचलून उलटे करणारा तिचा लोखंडी हात मुलीला फार आवडायचा. मी तिला कडेवर घेऊन गाडी दाखवत राहिलो आणि बायको पिशवी घेऊन बाहेर पडली. आवाज होऊ नये म्हणून तिनं चपला हातात घेतल्या होत्या. दाराची कडी मी नंतर लावली. यात आम्ही काही जगावेगळं केलं नाही. ठाकूरद्वारच्या आमच्या जुन्या घरी मलाही लहानपणी चिमण्या दाखवून माणसं अशीच निघून जात.

मुलगी आई कुठे म्हणून विचारू लागली, तेव्हा आत्यानं सांगून टाकलं, "आई गावाला गेली." आत्या माझी, सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांनी अधू. तरी महिनाभर येऊन राहिली. वास्तविक आम्हाला गाव नाही. पाच पिढ्या आम्ही मुंबईतच आहोत. पण मीही तेच सांगत राहिलो. बोलायला सोपं होतं.

आत्या परत गेल्यावर सांभाळायला माणूस शोधणं सुरू झालं. मी गिरगावात एका ग्रंथालयात काम करतो. सकाळी दहा ते संध्याकाळी साडेपाच. बायकोचे आईवडील आधीच गेले होते. आया पुरवणाऱ्या ब्यूरोनं एक मुलगी पाठवली, ती आठव्या दिवशी भावाच्या लग्नाला म्हणून गेली आणि लग्न काही संपलं नाही. दुसरी बाई चांगली होती, पण तिचा अर्धा दिवस फोनवर जाई. एकदा मी दुपारी लवकर आलो तर मुलगी दाराशी बसून होती आणि बाई गॅलरीत कोणाला तरी डाळीची आमटी समजावून सांगत होती. मग जवळच्या पाळणाघरात घातलं. तिथे मुलगी सकाळी रडायला लागायची ती संध्याकाळपर्यंत. चौथ्या दिवशी तिथल्या बाई अगदी सौम्यपणे म्हणाल्या, "आधी हिचं रडणं थांबवा, मग आणा." रडणं कसं थांबवायचं ते त्यांनाही माहीत नव्हतं.

घरी तिनं एक नवीनच खेळ काढला होता. मी निघायच्या वेळी ती माझ्या चपला लपवी. कधी पलंगाखाली, कधी बादलीत. मी त्याला खेळच समजत होतो.

अधूनमधून घेत आलेली माझी रजा संपत आली. साहेबांनी सांगितलं होतं, पुढच्या सोमवारपासून नियमित या, नाहीतर बिनपगारी रजेचा अर्ज द्या, आणि तो मंजूर होईलच असं नाही. ग्रंथालयातला आमचा शिपाई नायगावच्या बीडीडी चाळीत राहतो. तो म्हणाला, "आमच्या मजल्यावर एक मावशी आहेत. पोरं सांभाळतात. पण त्या तुम्हाला पसंत करतील का, सांगता येत नाही."

मावशी साठीच्या पुढच्या होत्या. परळच्या एका रुग्णालयात मुलांच्या वॉर्डात त्या आया म्हणून निवृत्त झाल्या होत्या. खोली एवढीशी. एक पलंग, फ्रीज, फळीवर बुद्धाची मूर्ती आणि तिच्यापुढे मेणबत्ती. दारात दोन मुलं ताटलीतली पेज खात होती. मावशी माझ्याकडे न बघता मुलीला म्हणाल्या, "काय गो बाय, जेवलीस?" मुलगी माझ्या पायामागे गेली. मग मला म्हणाल्या, "पहिले काही दिवस तुम्ही इथंच बसायचं. पॅसेजमधी स्टूल ठेवते. कायतरी वाचायला आणा."

आत्याला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "कोणाच्या घरी ठेवतोस, विचारलंस का?"

तिला काय विचारायचं होतं ते मला कळलं. मी म्हटलं, "विचारलं. तीस वर्षं मुलांच्या वॉर्डात होत्या."

"मी ते नाही विचारलं."

"मला तेवढंच विचारायचं होतं," मी म्हणालो.

सोमवार आठवड्यावर आला होता. मी पॅसेजमध्ये स्टुलावर पुस्तक घेऊन बसू लागलो. दोन्ही बाजूंना खोल्यांची दारं उघडी असत. येणारी-जाणारी माणसं मला ओलांडून जात. समोरच्या खोलीतल्या काकूंनी दुसऱ्या दिवशी विचारलं, "मावशी, या पाव्हण्याची परीक्षा आहे का?"

"हाय ना," मावशी आतून म्हणाल्या. "बापाची हाय. पोरीची नाय."

तिसऱ्या दिवसापासून मुलगी मावशींच्या खोलीत जाऊन बसू लागली, पण दर थोड्या वेळानं मी आहे ना ते बघून जाई. शुक्रवारी मावशी म्हणाल्या, "आता खाली जाऊन चहा पिऊन या. पण तिला सांगून जा."

मुलगी तेव्हा लसूण सोलत बसली होती. तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. मला वाटलं, कशाला उगाच रडवायचं. मी हळूच उठलो. जिन्यापाशी पोचलो तेवढ्यात मागून त्या काकूंचा आवाज आला, "ओ भाऊ, चोरासारखे कुठं निघालात?"

मी खाली पाहिलं. माझ्या चपला माझ्या हातात होत्या.

पॅसेजमधल्या दोघीतिघी हसल्या. मुलगी दाराबाहेर आली, माझ्याजवळ आली, माझ्या हातातल्या चपला घेतल्या, खाली ठेवल्या आणि त्यांच्यावर बसली. रडली नाही. नुसती बसली.

मावशी हसल्या नव्हत्या. त्यांनी मला जवळ बोलावलं. "हिची आई कशी गेली?"

"ऑपरेशननंतर. चौथ्या दिवशी."

"ते नव्हे. घरातनं कशी गेली?"

मी सांगितलं. कचऱ्याची गाडी, खिडकी, सगळं. चपलांचंही सांगितलं.

"नि पोरीला काय सांगितलंय?"

"आई गावाला गेली म्हणून."

"कुठलं गाव तुमचं?"

"आम्हाला गाव नाही."

त्यांनी सोललेला लसूण वाटीत ठेवला. "भाऊ, गावाला गेलेलं माणूस परत येतं. ही वाट बघत बसलीय. कोण पिशवी घेऊन जिना चढलं की दारात जाऊन बघते, तुम्ही वाचत असता. वॉर्डात मी हेच बघितलं. पोराची आई खेळणं दाखवून सटकायची, नि मग ते पोर रात्रभर खेळण्याला हात लावायचं नाय. ज्या सांगून जायच्या त्यांची पोरं रडायची, पण झोपायची. तुम्ही हिला खरं सांगा, नि मग आणा. तोवर मी ठेवायची नाय."

"सोमवारी मला कामावर जायचंय, मावशी."

"मग मधी रविवार हाय ना."

मी विचारलं, "देवाघरी गेली म्हणू का?"

"देवाघरी म्हणालात तर पत्ता विचारील. मेली म्हणा."

शनिवार मी तसाच घालवला. कपडे धुतले, इस्त्री केली. आत्याचा फोन आला. ती म्हणाली, "एवढ्याशा पोरीला काय कळतंय? मोठी झाली की कळेल." मलाही तसंच वाटायला हवं होतं. पण मुलगी माझ्या चपलांवर बसली होती ते सारखं डोळ्यांपुढे येत होतं.

रविवारी सकाळी दूध पिऊन झाल्यावर मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. म्हणालो, "आई गावाला गेली नाही. आई आजारी होती. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले. आई मेली. मेलेलं माणूस परत येत नाही. त्या दिवशी मी तुला गाडी दाखवली आणि आई गेली. तुला सांगून जायला हवं होतं. बाबा चुकला."

ती पेल्यातल्या सायीकडे बघत होती. मला वाटलं, आत्याचं खरं आहे, हिला काही कळलेलं नाही.

मग ती म्हणाली, "आईनं चप्पल हातात घेतली."

कडेवरचं मूल खांद्यावरून मागे बघू शकतं, हे आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. गाडी मी एकटाच बघत होतो.

"हो," मी म्हणालो. "हातात घेतली."

"आईचे पाय भाजले?"

तीन महिने ती हेच घेऊन बसली होती. आई चपला न घालता रस्त्यावर गेली. मी नाही म्हणणार होतो, पण खरं तर मला माहीत नव्हतं. तिनं चपला कुठे घातल्या, जिन्यात की खाली, ते मी पाहिलं नव्हतं. मग मी उठलो आणि माळ्यावरून पिशवी काढली. रुग्णालयानं परत दिलेली. तीन महिन्यांत मी ती उघडली नव्हती. आत एक गाउन होता, कंगवा होता, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चपला.

मी त्या उलट्या करून तिला दाखवल्या. तळाला वाळलेली माती होती, एका खाचेत बारीक खडा अडकला होता.

"बघ," मी म्हणालो. "आईनं खाली जाऊन घातल्या होत्या. माती लागलीय."

तिनं बोटानं तो खडा काढायचा प्रयत्न केला. निघाला नाही. मग ती रडायला लागली, आणि मी तिला गप्प केलं नाही. दुपारी ती माझ्या मांडीवर झोपली.

सोमवारी सकाळी मी मावशींच्या दारात उभा राहून मुलीला म्हणालो, "मी कामाला जातो. संध्याकाळी चाळीचं पाणी आलं की येतो." पाण्याची खूण मावशींनीच सुचवली होती, घड्याळ तिला कळत नव्हतं. मी तिच्यासमोर चपला घातल्या. तिनं त्या धरल्या, मग सोडल्या, आणि मोठ्यानं रडू लागली. तिसऱ्या मजल्यावरून खाली येईपर्यंत ते रडणं ऐकू येत होतं. वरून मावशी ओरडल्या, "जावा तुम्ही. मागं बघू नका."

संध्याकाळी मी बस परळला सोडली आणि पुढचं अंतर चालत आलो, कारण गर्दीत बस हलत नव्हती. पॅसेजमध्ये बायका बादल्या भरत होत्या. मुलगी दारात बसली होती. मला बघून ती आत ओरडली, "आजी, पाणी आलं, बाबा आला."

पुढची सहा वर्षं ती तिथेच गेली, पुढे पुढे शाळा सुटल्यावर. मावशींची बुद्धवंदना पाठ झाली, लसूण माझ्यापेक्षा भराभर सोलू लागली. सहा वर्षांत मी दोनदा उशीर केला. दोन्ही वेळा मावशींनी मला काही बोलू दिलं नाही. म्हणाल्या, "माझी माफी नको, तिची मागा." आत्या एकदा येऊन ती खोली बघून गेली. मावशींच्या हातचा चहा प्यायली आणि जाताना म्हणाली, "बाई शिस्तीची आहे."

चाळ आता रिकामी केली आहे. नवीन इमारत होईपर्यंत मावशी शीव कोळीवाड्याला मुलाकडे राहतात. त्यांची नजर कमी झाली आहे. महिन्यातून एका रविवारी आम्ही जातो, आणि निघताना पुढच्या वेळी कधी येणार ते मुलगी त्यांना सांगते.

मुलगी आता अकरा वर्षांची आहे. तिच्याकडे घराची किल्ली असते. मी घरी येतो तेव्हा ती कधी असते, कधी नसते; नसली तर कुठे गेली ते फ्रीजवर लिहिलेलं असतं. त्या चपला कपाटाच्या खालच्या खणात आहेत. खडा अजून तिथेच आहे.