लतिकामावशी आणि चौदा बायका

लतिकामावशींनी चित्रातल्या बायका तिसऱ्यांदा मोजल्या. चौदाच्या चौदा! घमापुरात शेजारच्या प्रतिमाच्या घरचं संक्रांतीचं हळदीकुंकू, आणि त्यात आपण नाही? असं कसं बाप्पा?

चित्र प्रतिमाच्या लेकीचं, मोनालीचं. विजय नगरात प्रदर्शन लागलं तेव्हा पोरीने फोनवर फोन केले, "मावशी, यायचंच. तुमचंच चित्र आहे." म्हणून मावशी ठेवणीतलं पातळ नेसून आल्या. आणि चित्रात? भांडकुदळ घाटेबाईसुद्धा होती, तिळगूळ घेतानाही तोंड वाकडं! वाण म्हणून वाटलेल्या चहाच्या गाळण्या होत्या. मावशी तेवढ्या नव्हत्या.

त्या गोंधळल्या, मग चिडल्या, मग पुन्हा गोंधळल्या. खरं म्हणजे त्या असणार तरी कशा? अठ्ठाविसाव्या वर्षी कुंकू पुसलं गेलं. नवऱ्याच्या जागी फॅक्टरीत लागल्या, तीस वर्षं सायकल हाणली, कुणापुढे हात पसरला नाही. पण प्रतिमाकडे हळदीकुंकवाला गेल्या की आतल्या दाराशी बसायच्या. बायका कुंकू लावून घ्यायच्या नि रडकी पोरं मावशींच्या मांडीवर आणून टाकायच्या. "तुम्ही काय, मोकळ्याच!" हे अजून टोचायचं त्यांना. मग या पोरीने "तुमचंच चित्र" काहून म्हणावं?

तेवढ्यात मोनाली धावत आली. "दिसलं, मावशी?"

"दिसलं डोंबल! मी कुठे आहे त्यात? थट्टा करून राहिली का माझी?"

"अरे, नाही मावशी! नीचे देखो ना."

चित्राच्या अगदी तळाशी जांभळी पट्टी होती, हिरव्या काठाची. मावशी इतका वेळ तिला सतरंजीच समजत होत्या.

"ही तुमची मांडी," मोनाली म्हणाली. "मी चार वर्षांची होती. हे सगळं मी तिथूनच तर पाहिलं."

मावशी वाकल्या. हो, तेच जांभळं पातळ. आणि त्यावर हळदीची चार इवलीशी बोटं. त्या हळदीकुंकवाला पोरीने तबकात हात घालून मावशींच्या मांडीवर पुसला होता आणि चौदा बायका एकदम गप्प झाल्या होत्या. घरी गेल्या गेल्या मावशींनी ते पातळ साबणाने घासघासून धुतलं होतं, कुणी काही बोलू नये म्हणून.

"मी तर धुतली होती गं ती," मावशी म्हणाल्या, आणि तिथल्याच खुर्चीवर बसून रडायला लागल्या.