कचेरीतली पहिली रांग

आमच्या तालुक्याच्या गावी निजामाच्या काळातली कचेरी होती. दगडी कमानी, उंच जोतं. लहानपणी मी वडिलांबरोबर तिथं गेले होते. शेजारच्या बड्या शेतकऱ्यानं बांध कोरून आमच्या वावराची पट्टी आपल्यात ओढली होती, त्याची तक्रार होती. तो कमानीतच भेटला. सगळ्यांसमोर त्यानं पायातल्या चपला काढल्या आणि वडिलांना म्हणाला, "तुला वावर कशाला लागतंय रे? हे धर, अन् बस खाली."

तो आतून परत येईपर्यंत वडील त्या चपला धरून बसले. आम्ही बौद्ध, आमच्या निम्म्या घरांची मजुरी त्याच्याच शेतात. तक्रार तिथंच मिटली.

आता त्या कचेरीचं नाट्यगृह झालंय. मी नांदेडला कॉलेजात शिकवते, नाटकं बसवते. उद्घाटनाला माझं नाटक मागितलं, तेव्हा मी एकच अट घातली: पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या माझ्या. एकीचं निमंत्रण त्या माणसाला मी स्वतः नेऊन दिलं. म्हातारा खूश झाला. मला त्यानं ओळखलं नाही.

दुसऱ्या खुर्चीत वडील बसले, कडक इस्त्रीचा सदरा घालून. मी मुद्दाम त्यांच्या मागंच बसले. मला नाटक बघायचंच नव्हतं.

तिसऱ्या प्रवेशात नटानं चपला काढल्या आणि तेच शब्द म्हटले, जसेच्या तसे. म्हाताऱ्याची मान ताठ झाली. त्यानं शेजारी वळून पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"लोकांपुढं माझी अब्रू काढायली व्हय तुझी पोरगी?"

वडिलांनी स्टेजवरची नजर हलवली नाही. "आमचीबी लोकांपुढंच काढली होती की."

तो काठी चाचपडत उठला. मागून आमच्या गावचं कुणीतरी ओरडलं, "बसा की मालक, अजून लई हाय!" हशा पिकला. दारापर्यंत तो त्या हशातून चालत गेला. मी एकेक पाऊल डोळे भरून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलाचा फोन आला. "तेवढं वाक्य काढा, मॅडम. वडील जेवंना झालेत."

मी नाही म्हणाले. पुढचा प्रयोग लातूरला लावला, त्याच्या सोयऱ्यांच्या गल्लीजवळच.

"बास झालं का आता?" वडिलांनी विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले.

लातूरला येण्यासाठी त्यांनी सदरा पुन्हा इस्त्रीला टाकला.