वीतभर खाली आलेला रूळ

कळवणकडच्या आमच्या शाळेत घंटा म्हणून रेल्वे रुळाचा तुकडा टांगलेला असे. नववीला ऊर्जा शिकवताना मी दरवर्षी त्याच्याकडे बोट दाखवायचो. तो गप्प दिसतो, पण उंचावर असल्यामुळे त्याच्यात स्थितिज ऊर्जा साठलेली आहे. सुटला की तीच गतिज होईल.

एका वर्षी ते करून दाखवायची हौस आली. रूळ दोराला बांधून कडुनिंबाच्या उंच फांदीवरून वर ओढला, खाली वाळू पसरली आणि दोराचं टोक खोडाला बांधलं. आमच्या शिपाईमामांचं आयुष्य विहिरीच्या दोराशी गेलेलं. ते म्हणाले, "सर, ही गाठ वज्यानं सरकती. मी मारू का दुसरी?"

मुलांसमोर मला ते लागलं. "मामा, ऊर्जा मी शिकवतो. तुम्ही घंटा सांभाळा."

"घंटाच तर तुम्ही वर नेली, सर."

वर्ग हसला. मी गाठ बदलली नाही.

अ तुकडीसमोर रूळ सोडला, वाळूत खोल खड्डा पडला. ब तुकडीचा तास मधल्या सुट्टीनंतर होता, म्हणून तो पुन्हा वर ओढून तसाच बांधून ठेवला. सुट्टीत मी शिक्षकांच्या खोलीत खिडकीशी चहा घेत उभा होतो. वाऱ्यानं रूळ हळूहळू फिरत होता. दोन मुली डबे घेऊन रोजच्या सवयीनं त्याच सावलीत बसल्या. तेवढ्यात रूळ वीतभर खाली आला आणि थांबला. मी पाहिलं. कपात अर्धा चहा होता. मी तो पिऊन टाकला.

मामा मुलींना हाकलायला धावले. मुली निघाल्या. रूळ सुटला आणि मामांचं पाऊल त्याखाली राहिलं.

चौकशीत मी लिहून दिलं, दोर शिपायाने बांधला होता. मामांनी त्याखाली सही केली. त्यांची नोकरी गेली.

निवृत्त होऊन नाशिकला आलो, त्यालाही बरीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात संस्थेसाठी खरा जबाब लिहिला: दोर मी बांधला होता. पाठवण्याआधी तो घेऊन मामांकडे गेलो आणि वाचून दाखवला. ते पाय लांब करून ऐकत होते.

"तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"तुम्ही सांगाल, म्हणून थांबलो." मग कागदाकडे बघत म्हणाले, "यात एक राहिलं, सर. तो वीतभर खाली आला, तवा तुम्ही खिडकीत व्हता."

मी खिशातून पेन काढलं.