टेरिकॉटचा शर्ट
थंडीत टेरिकॉटचा शर्ट काढताना चटचट झालं की हिंगोलीजवळची ती किरणोत्सारी पदार्थांची प्रयोगशाळा आठवते. रात्रभर बंद असलेल्या खोलीतला हवा तपासायचा कागद बदलून मी बाहेर आलो, तर दारात साहेबांच्या हातातलं किरणं मोजायचं यंत्र माझ्या अंगाजवळ किरकिरू लागलं. साहेब म्हणाले, "शर्ट काढा. तासाभरानं पुन्हा मोजू." आत फाटकं बनियन. रोज माझ्या डब्यात जेवणारा गाववाला मागं सरकत म्हणाला, "आमाला तर काई व्हनार न्हाई ना?" तासाभरात शर्ट गप्प झाला. जमिनीतून येऊन बंद खोलीत साचलेल्या वायूचे कण टेरिकॉटच्या त्या चटचट विजेनं शर्टाला चिकटले होते, ते आपोआप विरले. दुपारी गाववाल्यानं जेवायला हाक मारली; मी भूक न्हाई म्हणालो. आता ते यंत्र मीच धरतो. शर्ट काढायला सांगण्याआधी सगळ्यांना बाहेर पाठवतो आणि स्वतःही पाठ फिरवतो.