पलंगाची दिशा

ताईकडे गेले तेव्हा ती एकटीच जड पलंग ढकलत होती. पलंगावर भावोजी होते. अर्धांगवायूने त्यांची वाचा गेली होती आणि डॉक्टरांनी आता घरीच सांभाळा म्हणून सांगितलं होतं.

"फेंगशुईत पाय दाराकडे असलेले चालत नाहीत गं," ताई धापा टाकत म्हणाली. समोरचा आरसा तिने चादरीने झाकला होता. खिडकीत पितळी नळ्यांची घंटा किणकिणत होती. असल्या गोष्टींना हीच ताई जन्मभर हसत आली होती.

मी पिशवी खाली ठेवली. औषधं देऊन झाली, अंग पुसून झालं, की उरलेल्या दिवसात माणसाने आपल्या हातांचं करायचं काय? नशीब हलत नाही; पलंग निदान हलतो तरी.

आम्ही दोघींनी मिळून तो फिरवला. ताई भावोजींच्या तोंडाशी वाकली. "आता बरं वाटतंय ना?"

ते छताकडे बघत राहिले. ताई बराच वेळ तशीच वाकून होती. मग तिने पदराने कपाळ टिपलं, खोलीभर नजर फिरवली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "ते कपाट आड येतंय बहुतेक. धर जरा तिकडून."

मी धरलं.