तेवीस नंबरची हजेरी

"आजारपण टाकूया," आमचे साहेब म्हणाले. "दुसऱ्या वर्षी टायफॉइड झाला, म्हणून मार्क पडले."

"पण मला काहीच झालं नव्हतं," ऋतुजा म्हणाली.

वारज्यातल्या एका कन्सल्टन्सीत मी परदेशी जाणाऱ्या मुलांचे एसओपी तपासते. एसओपी म्हणजे मला हेच का शिकायचंय, हे विद्यापीठाला पटवणारा निबंध. बहुतेकांच्या निबंधात लहानपणापासूनची आवड असते. ऋतुजाच्या निबंधात फक्त गणित होतं, आणि बीएस्सीचा सीजीपीए सहाच्याही खाली. तिला गणितातच पुढे शिकायचं होतं. वडील खडकीला कारखान्यात नोकरीला. त्यांनी एकच वर्ष दिलं होतं. यंदा जमलं नाही, तर हिंजवडीतल्या आयटी कंपनीची ऑफर मुकाट्याने घ्यायची.

"मग मार्क का पडले?" मी विचारलं.

"मी लेक्चरला बसतच नव्हते."

"कुठे बसायचीस?"

"एमएस्सीच्या लेक्चरला."

एमएस्सीतला एक मुलगा नोकरी करायचा, कॉलेजकडे फिरकायचा नाही. हजेरी कमी पडली की परीक्षेला बसू देत नाहीत. त्यामुळे सौदा ठरला. हिने त्याच्या तेवीस नंबरला 'प्रेझेंट' म्हणायचं, त्याचा होमवर्क करायचा, बदल्यात वर्गात बसायला मिळायचं. तिथले सर रजिस्टरमधून मान वर न काढता नुसते नंबर पुकारायचे. हिच्या स्वतःच्या वर्गात मैत्रीण हिची प्रॉक्सी लावायची. लोक प्रॉक्सी लावून सिनेमाला जातात. ही बाई टोपॉलॉजीला गेली. वस्तू रबरासारखी ताणली, पिळली तरी तिच्यातलं काय बदलत नाही, याचं ते गणित.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "हे लिहिणार? त्यापेक्षा टायफॉइड बरा."

मला मात्र ती मुलगी फार आवडली. अडचण शिफारसपत्राची होती. तिच्या वर्गाच्या शिक्षकांनी तिला धड पाहिलंही नव्हतं. ज्यांनी तिचं काम पाहिलं, त्या सरांच्या लेखी ते तेवीस नंबरचं.

"मग त्यांच्याकडेच जाऊ," मी म्हणाले.

"मॅडम, सर हाकलून देतील."

"देऊ देत. सीजीपीए त्याने आणखी कमी होत नाही."

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळले. "आपण कोण?"

"कन्सल्टन्सीतून आलेय."

"म्हणजे एजंट." मग ऋतुजाला म्हणाले, "तेवीस नंबरचा होमवर्क मी पुढच्या बॅचला दाखवायचो. परीक्षेत तो कसाबसा पास झाला. मला वाटलं, पेपर बघून घाबरला. बोलावून चांगला अर्धा तास धीर दिला मी त्याला."

मला हसू आवरेना. सरांना अजिबात येत नव्हतं. त्यांनी तिच्या हातात खडू दिला आणि होमवर्कमधलं सगळ्यात अवघड गणित सांगितलं. ती निम्म्यात अडली. सगळं पुसलं, दुसऱ्याच बाजूने सुरुवात केली. सर खुर्चीत पुढे सरकले.

"हे तेव्हाचं नाही."

"नाही सर. तेव्हाचं उगाच लांबलं होतं."

सरांनी पत्र दिलं, हजेरीच्या भानगडीसकट. आम्ही एसओपीतही खरं तेच लिहिलं. आता सगळीकडून नकार येणार, असं साहेबांचं भाकीत होतं, आणि ते खरं ठरत चाललं. बीएस्सीवर थेट पीएचडीला केलेले सगळे अर्ज परत आले. मास्टर्सचेही येऊ लागले. हिंजवडीची जॉइनिंग डेट जवळ आली, वडिलांनी तिच्यासाठी फॉर्मल कपडेसुद्धा आणले. मीही मनातून खचले होते.

शेवटी एका छोट्या विद्यापीठाने व्हिडिओवर मुलाखत घेतली. मार्कांचा विषय निघालाच नाही. दुसऱ्याच्या नंबरवर बसून काय शिकलीस, एवढंच विचारलं, आणि ती थांबेचना. मास्टर्सला ॲडमिशन मिळाली. पहिल्या सेमिस्टरला चांगले मार्क हवेत, ही अट.

"या वेळी स्वतःच्या वर्गात बस," वडील तिला निघताना म्हणाले.

कमी मार्कांचं खरं कारण असेल, तर ते लिहावं, असं मी आता मुलांना सांगते. टायफॉइड सगळ्यांनाच झालेला असतो.

मी पेढे द्यायला गेले, तेव्हा सरांचा वर्ग नुकताच सुटत होता.

"यंदा मागच्या बाकावर दोघं जास्त आहेत," सर पेढा घेत म्हणाले. "कुठले, ते विचारत नाही. होमवर्क मात्र स्वतःच्या नावाने मागतो."