हॉलमधला पहिला पलंग

वर्ध्याच्या त्या दवाखान्याचा वॉचमन बसजवळ आलाच नाही. लांबूनच त्यानं हात हलवला. बेड नाही. सकाळपासून असा हात हलवणारा हा तिसरा माणूस होता. मी बसच्या मागच्या लांब सीटवर पालथी पडले होते आणि मला श्वास पुरत नव्हता. बोलायला गेलं की दोन शब्दांत दम संपायचा. माझ्या बोटाला ऑक्सिमीटर लावला होता. रक्तात ऑक्सिजन किती आहे ते सांगणारा चिमटा. सर त्याच्याकडे पाहत आणि लगेच खिडकीबाहेर पाहत. आकडा मला सांगत नव्हते. म्हणजे वाईटच होता.

“रमेश, आता कुठे?” सरांनी विचारलं.

“तुम्ही म्हणान तिकडं, सर. डिझेल हाये, रस्ता खाली हाये. चंद्रपूर म्हणा, चंद्रपूरले नेतो मावशीले.”

“मले घरी ने,” मी म्हटलं.

“तू चूप राह्य व मावशी. बोलशीन तेवढी हवा खर्च होते.”

रमेश टीमच्या बसचा ड्रायव्हर, आष्टीचा. सर म्हणजे टीमचे कोच. मी टीमची मेस चालवायची. मेस म्हणजे खेळाडूंचा रोजचा स्वयंपाक.

टीम बास्केटबॉलची. विदर्भातल्या शहरांची एक लीग सुरू झाली होती. शहराची एक टीम, खेळाडू पगारी, बाहेरून आणलेले. आमच्या टीमचा मुक्काम कारंज्याला एका मंगल कार्यालयात होता. करोनामुळे लग्नांवर बंधनं होती, कार्यालय रिकामं पडलं होतं. ही एवढाली उंच पोरं वऱ्हाडाच्या गाद्या स्टेजवर आडव्या-उभ्या जोडून झोपायची आणि दारातून वाकून यायची-जायची. मॅच वर्ध्याच्या इनडोअर हॉलमध्ये व्हायच्या. रमेश त्यांना न्यायचा, आणायचा.

मी आधी हायवेवरच्या ढाब्यात स्वयंपाक केलेला. ट्रकवाल्यांना जेवू घालणं आणि या पोरांना जेवू घालणं यात फार फरक नाही. दोघंही भरपूर खातात आणि दोघांनाही वेळेवर लागतं. फरक एवढाच की मॅचच्या दिवशी तेल-तिखट बंद. भात, उकडलेलं चिकन, दही, केळी. नाही तर धावताना पोटात कळ येते.

माझ्या आधी एक स्वयंपाकी होता. तो पळून गेला. पंजाबच्या पोराला पराठा पाहिजे, मद्रासकडच्याला रस्सम पाहिजे, नागपूरवाल्यांना तिखट पाहिजे. रोज ताटावर भांडण. म्हणून सरांनी नियम केला. जेवणाला नाव ठेवलं की उठायचं आणि कार्यालयाभोवती फेरे मारायचे, थांबा म्हणेपर्यंत. उन्हात एकदा फेरे मारले की माणूस कारल्यालाही छान म्हणतो. माझी काही तक्रार नव्हती. शांततेत जेवायचे बिचारे.

सीझन अर्धा झाला आणि दुसरी लाट आली. हॉल प्रशासनानं ताब्यात घेतला. तिथं रुग्णांसाठी वॉर्ड करायचा होता. लीगच्या ऑफिसातून सरांना फोन आला, स्पर्धा बंद. पोरांना घरी जायला निगेटिव्ह रिपोर्ट लागत होता, गाड्यांची तिकिटं मिळत नव्हती. म्हणून सगळे कारंज्यातच अडकले. सकाळी अंगणात प्रॅक्टिस, दुपारी झोप, आणि तीन वेळा खाणं. माझं काम चालूच.

त्याच दिवसांत माझं अंग दुखायला लागलं. उन्हाळा आहे, वय आहे, म्हणून मी तिकडे पाहिलं नाही. डाळ तळहातावर घेऊन चाखली की पाण्यासारखी लागायची. मी मीठ टाकायचे. पुन्हा चाखायचे, पुन्हा टाकायचे. माझ्या हाताखाली कुंदा होती, ती घरून डबा आणायची, माझ्या हातचं खायची नाही. पोरं खात होती. दर जेवणाला पाण्याचे जग रिकामे होत होते. पण कोणी तोंडातून शब्द काढला नाही. फेरे कोणाला मारायचे होते?

शेवटी बलजीत बोलला. बलजीत पंजाबचा, टीममधला सर्वांत उंच. तो सेंटर होता. सेंटर म्हणजे रिंगजवळ उभा राहून उडालेला बॉल ओढून घेणारा. त्यानं पोळी ताटात ठेवली.

“मौसी, दाल में समंदर डाल दिया क्या?”

सगळ्यांचे हात थांबले. सर खालमानेनं जेवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“बलजीत, बाहर.”

तो उठला. भर दुपारी फेरे मारले. थांबा म्हटल्यावर घामानं निथळत सरळ स्वयंपाकघराच्या दारात येऊन वाकून उभा राहिला.

“दौड़ लिया, मौसी. अब सुनो. नमक बहुत ज़्यादा है. चार दिन से है. आपको पता नहीं चल रहा?”

“तू मुझे मत सिखा. तेरे बाप की उमर से चूल्हे के सामने बैठी हूँ.”

त्यानं फळीवरचा हिंगाचा डबा काढला, उघडला आणि माझ्या नाकाखाली धरला.

“सूंघो.”

डबा रिकामा आहे म्हणून मी त्याच्यावर ओरडले. डबा भरलेला होता.

मग त्यानं आवाज दिला आणि सर धावत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांची टेस्ट झाली. मी पॉझिटिव्ह, कुंदा पॉझिटिव्ह, दोन पोरं पॉझिटिव्ह. कुंदाला आणि त्या पोरांना साधा ताप होता, त्यांना कार्यालयातच वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलं. मला मात्र टेस्टच्या रांगेतच दम लागला. चिमटा लावल्यावर तिथला माणूस म्हणाला, हिला घेऊन लगेच निघा. ॲम्ब्युलन्स कुठे होती ते कोणालाच माहीत नव्हतं. रमेशनं बस दाराशी लावली. निगेटिव्ह निघालेली पोरं आपणहून आत चढली. सर म्हणाले, उतरा. कोणी उतरलं नाही. बलजीत माझ्या सीटजवळ खाली बसला आणि वळणावर मी गडगडू नये म्हणून त्यानं माझ्या खांद्याला हात लावून ठेवला. पालथं झोपायला त्या टेस्टवाल्यानंच सांगितलं होतं. पोटावर पडलं की फुप्फुसाचा मागचा भाग मोकळा होतो आणि हवा जास्त जाते. खिडक्या सगळ्या उघड्या. आत गरम वारा.

तर तिसऱ्या दवाखान्यानं हात हलवला आणि बस रस्त्याच्या कडेला उभी राहिली. सर फोनवर फोन लावत होते. रमेश म्हणाला, “सर, एक विचारू? आपला हॉल त्याच्यासाठीच घेतला नं? पेशंटसाठी? मंग तिथं पलंग नसन काय?”

“तो वॉर्ड चालू व्हायचाय अजून.”

“चालू नाई तं नाई. जाऊन पाहाले काय जाते?”

सर काही बोलायच्या आत त्यानं बस वळवली होती.

हॉलच्या दाराशी ट्रक उभे होते. ट्रकमध्ये लोखंडी पलंग, सुटे. पट्ट्या वेगळ्या, पाय वेगळे, नटबोल्ट पोत्यात. भिंतीला सिलिंडर उभे. आणि पायरीवर एक डॉक्टर बाई एकटी बसून फोनवर कोणाशी तरी वाद घालत होती. तरुण होती. रडून झालेलं दिसत होतं, असं रमेशनं मला नंतर सांगितलं. मला फक्त आवाज ऐकू येत होते.

“वॉर्ड उद्या संध्याकाळी सुरू होणार आहे,” ती सरांना म्हणाली. “ऑक्सिजन आहे, पलंग आहेत, लावणारी माणसं नाहीत. जो येतो तो गेटवरूनच परत जातो. मी कोणाला काय म्हणू?”

“माणसं आहेत माझ्याकडे,” सर म्हणाले आणि शिटी वाजवली.

पोरं उतरली. डॉक्टर बाई उठून उभी राहिली असणार, कारण तिचा आवाज बदलला.

“ही कोण?”

“बास्केटबॉलची टीम. अर्धा सीझन याच हॉलमध्ये खेळलीत.”

“निगेटिव्ह आहेत?”

“आज सकाळीच.”

“मास्क काढायचा नाही, ग्लोव्ह्ज घालायचे आणि मी सांगेन तेवढंच करायचं. आणि पेशंट कुठे आहे ते आधी दाखवा.”

ती बसमध्ये चढली, माझ्याकडे पाहिलं आणि एक सिलिंडर बसच्या दाराशी आणायला लावला. तो उघडायची चावी स्टोअरमध्ये कुलूपबंद आणि स्टोअरवाला घरी. रमेशनं ड्रायव्हर सीटखालची पान्यांची पेटी ओढली.

“बाई, तुम्ही सांगा किती फिरवाचं. मी फिरवतो.”

नाकाला मास्क लागला. थोड्या वेळानं मला अख्खं वाक्य बोलता आलं. मी म्हटलं, “रमेश, पंखा लाव.” तो म्हणाला, “झाली सुरू. आता नाई मरत हे.”

बास्केटबॉलमध्ये एका वेळी पाच जण खेळतात. दमला की कोच त्याला बाहेर घेतो आणि बाकावरचा आत पाठवतो. त्याला सबस्टिट्यूशन म्हणतात. बाहेर येण्यात कमीपणा नसतो. सरांनी पलंगांचं काम तसंच लावलं. एक गट ट्रकमधून उतरवणार, एक गट जोडणार. शिटी वाजली की दमलेले बाहेर, ताजे आत. एप्रिलचं ऊन, तोंडाला मास्क, हाताला ग्लोव्ह्ज. पोरं निथळत होती, पण काम थांबत नव्हतं.

पहिलीच अडचण चपलांची आली. सगळ्यांनी दाराबाहेर चपला काढून ठेवल्या.

“अहो, चपला कशाला काढता?” डॉक्टर बाई ओरडली. “पायावर लोखंड पडलं तर?”

“मैडम, कोर्ट है,” बलजीत म्हणाला.

हॉलचं कोर्ट लाकडाचं. बाहेरच्या चपलेनं त्यावर कोणी पाय ठेवत नाही. खडा रुतला की लाकूड फाटतं. शेवटी पोरांनी बसमधून आपले मॅचचे बूट आणून घातले. पलंगाच्या पायांखाली ठेवायला रमेशनं जुनी ट्यूब कापून दिली.

“मला पलंग पाहिजेत, मला फरशी नको,” डॉक्टर बाई म्हणाली.

“दोन्ही मिळेल,” सर म्हणाले.

मी पालथी, मला काही दिसत नव्हतं. रमेश बसच्या पायरीवर उभा राहून मला सांगत होता. पेटीतला पाना कोणी मागितला की धावत नेऊन द्यायचा आणि परत येऊन पुढचं सांगायचा.

“मावशी, लंब्या उलटा पलंग बसवून राह्यला. पाय वरतं, गादी खालतं. ए बलजीत! मावशीले लटकवतं का बे?”

“त्याले काई म्हणू नको, भुकेलं असन ते,” मी म्हटलं. “काई खाल्लं नाई सकाळपासून.”

“तू केलेलं खाऊन कोण जगते व? उपाशीच बरं हाये.”

मी हसले. हसल्यावर खोकला आला. डॉक्टर बाईनं त्याला बसमधून हाकललं. तो खाली उतरून खिडकीतून सांगायला लागला.

दुपारी उशिरा तिनं आपल्या वरच्या साहेबांना केलेला फोन ऐकू आला. “सर, वॉर्ड तयार आहे. हो, आजच. नाही, फिटर नाही आले. बास्केटबॉलची टीम आली.” मग तिकडचं ऐकून ती म्हणाली, “मस्करी नाही करत, सर. मी नर्स मागते आहे, दोन पाठवा.”

बलजीतनं मला उचलून आत नेलं. मी काही हलकी बाई नाही. त्यानं तांदळाचा कट्टा उचलतात तसं उचललं आणि ठेवतानाही कट्टा ठेवतात तसंच ठेवलं. पहिला पलंग रिंगच्या खाली होता. तिथं तो खेळायचा. मी एकही मॅच पाहिलेली नव्हती. मॅचच्या वेळी मी रात्रीच्या पोळ्या लाटत असायचे. आता तोंड खाली करून झोपल्यावर मला ते लाकूड जवळून दिसलं. छान पुसलेलं होतं.

माझ्या मागोमाग लोक येऊ लागले. आर्वीचे, देवळीचे, वडनेरचा एक म्हातारा तर मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणलेला. दिवस मावळेपर्यंत जेवढे पलंग उभे झाले तेवढे भरले. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं लागलं असतं तर त्यातले किती थांबू शकले असते, ते डॉक्टर बाईलाच माहीत. मी तिला विचारलं नाही.

मी बरेच दिवस तिथं होते. बरी झाले आणि घरी आले. चव यायला त्याहून जास्त वेळ लागला. लीग पुन्हा सुरू झाली नाही. ऑफिसचा फोन लागेनासा झाला. पोरं आपापल्या गावी गेली. जाताना सगळी हॉलच्या काचेबाहेर उभी राहून हात हलवून गेली. बलजीत आता तिकडे एका शाळेत मुलांना खेळ शिकवतो. दिवाळीला फोन करतो. सर नागपुरात आहेत.

मी आता हॉस्टेलच्या मुलींची मेस चालवते. तिथं पहिल्या घासाला प्रत्येकीनं चव कशी आहे ते सांगायचंच, असं मी ठरवून दिलं आहे. मुली रोज नावं ठेवतात. ऐकून घेते. त्यात काही मोठेपणा नाही, सोयीचं पडतं.

देवाधर्माचं मला फारसं नाही. बुद्धविहारात जाते, वंदना घेते, परत येते. पण त्या दिवशी बसमध्ये आणि हॉलमध्ये जी माणसं होती, त्यांना मी मानते. मला त्यांनी काही विचारून वाचवलं नाही. पलंग जोडायचे होते, ते जोडले.

मला सोडल्यावर रमेशनं बस मालकाकडे परत नेली नाही. आष्टी आणि कारंज्याहून रुग्ण आणायला लागला. मालकानं रागावून पाहिलं, मग डिझेल टाकून दिलं. मे महिन्यात त्यालाच करोना झाला. त्याला त्याच हॉलमध्ये पलंग मिळाला, ऑक्सिजनही मिळाला, डॉक्टर बाईही तीच होती. तरी तो वाचला नाही.

बसमधली पोरं सगळी जगली. सर जगले. कुंदा आणि खोलीत ठेवलेली ती दोन पोरं जगली. डॉक्टर बाई जगली. मी जगले.